नव्या पॅनेलच्या आड कुजलेलं लाकूड

जुना पॉप-अप कॅम्पर 'पूर्ण नवा केलेला' म्हणून कुणी विकायला काढला असेल आणि तुम्ही इसार द्यायच्या बेतात असाल, तर आधी हे वाचा. माझे पैसे गेले ते गेलेच. पण या प्रकारात माझा धाकटा भाऊ थोडक्यात वाचला, म्हणून लिहायला बसलो.

पॉप-अप कॅम्पर म्हणजे पिकअपच्या हौद्यात बसणारी छोटी खोली. प्रवासात छप्पर खाली, मुक्कामाला पोचलं की वर उचलायचं. उचललेल्या छपराखालच्या भिंती कापडाच्या, आणि ड्रायव्हरच्या केबिनवर पुढे आलेल्या भागात झोपायची जागा. बाहेरून पत्रा दिसतो, म्हणून सगळं धातूचंच असेल असं वाटतं. प्रत्यक्षात बऱ्याच जुन्या कॅम्परांत पत्र्याच्या आत बारीक लाकडी पट्ट्यांचा सांगाडा असतो आणि भार त्यावरच असतो. एखाद्या सांध्यातून पाणी झिरपलं की ते पत्रा आणि पॅनेल यांच्या मध्ये अडकून बसतं. लाकूड वर्षानुवर्षं आतल्या आत कुजत राहतं, बाहेर काहीच दिसत नाही.

मी बघायला गेलो तेव्हा छप्पर आधीच वर केलेलं होतं, सगळ्या खिडक्या उघड्या, आत सुगंधी फवारा मारलेला. नवी पॅनेलं, नवी फरशी, नव्या गाद्या. सांध्यांवर पांढऱ्या सिलिकॉनची जाड, गुळगुळीत रेघ. विकणारा माणूस बोलायला अतिशय गोड. "दादा, सांगाडा अख्खा बदललाय, मी स्वतः उभा राहून काम करून घेतलंय," असं तो तीनदा म्हणाला. मी विचारलं, काम चालू असतानाचे फोटो आहेत का? तो म्हणाला, जुना फोन बिघडला, त्यातच गेले. माझा विश्वास बसला. खरं म्हणजे मला तो कॅम्पर हवाच होता, आणि हवासा वाटणाऱ्या वस्तूत खोट शोधायला मन धजत नाही. पावतीवर 'जशी आहे तशी' असं लिहिलं होतं, त्याखाली सही केली.

दीड महिन्यानं कॅम्पर गाडीवरून उतरवायला घेतला. चार कोपऱ्यांना चार जॅक असतात. ते फिरवून कॅम्पर वर उचलायचा आणि खालून गाडी पुढे काढून घ्यायची. मी गाडीच्या स्टिअरिंगवर होतो, भाऊ पुढच्या उजव्या जॅकपाशी वाकून पाया नीट टेकलाय का ते बघत होता. गाडी जेमतेम हातभर सरकली असेल, तोच काडकन आवाज झाला. मी ब्रेक दाबला. भाऊ मागे उडाला म्हणून बरं. जॅकचं ब्रॅकेट वरच्या बाजूनं भिंतीपासून चार बोटं सुटून तिरकं झालं होतं आणि तो कोपरा हौद्याच्या कडेवर टेकला होता. ब्रॅकेटमधून उपसून आलेला बोल्ट मी हातात घेतला. त्याच्या आट्यांमध्ये तपकिरी, ओलसर चोथा भरला होता. बोटानं दाबला तर पाणी निघालं.

त्याच संध्याकाळी नवं पॅनेल उचकटलं. मागे जुनाच सांगाडा. काळा पडलेला, पट्ट्या जोडणाऱ्या स्टेपलच्या पिना गंजून गळलेल्या, आणि खालची आडवी पट्टी तर नावालाच उरलेली. दाभण टोचलं तर मुठीपर्यंत आत. कुजलेल्या भागावर कुणीतरी लांबी (पुटी) भरून वरून पॅनेल चिकटवलं होतं. याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही. लांबी भरणाऱ्या हातानं ते लाकूड बघितलं होतं. त्याच लाकडात जॅकचे बोल्ट होते, आणि जॅकखाली कुणीतरी वाकणार हे त्यालाही कळत होतं. पैसे जाण्यापेक्षा मला याचाच जास्त संताप येतो.

विकणाऱ्याला फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, तुम्ही जॅक चुकीचे फिरवले असतील. दुसऱ्यांदा म्हणाला, पावती वाचा. त्यानंतर फोन उचललाच नाही. 'सांगाडा बदललाय' हे सगळं तोंडी होतं. निरोपात किंवा कागदावर एक ओळही नव्हती, त्यामुळे माझ्या हातात दाखवायला काहीच नाही. तुम्ही हे लिहूनच घ्या. लिहून द्यायला कां-कूं केली तर तिथूनच परत फिरा.

आता बघायला जाल तेव्हा टॉर्च, दाभण आणि लाकडातली ओल मोजणारं मीटर बरोबर न्या. मीटर फार महाग नसतं. कोरडं लाकूड साधारण १० ते १५ टक्के दाखवतं. २० च्या वर गेलं की कुजण्याची भीती सुरू होते. माझ्या त्या कोपऱ्यात ३४ आलं. पुढचे कोपरे, खिडक्यांच्या खालची बाजू, छपरावरच्या झडपेभोवतीचा भाग आणि जॅकची ब्रॅकेटं या जागा आधी तपासा. पायानं फरशी दाबून बघा, नवी फरशी मऊ प्लायवूड झाकायलाही टाकतात. छप्पर तुमच्यासमोर खाली करून पुन्हा वर करायला लावा आणि खिडक्या अर्धा तास बंद ठेवून मगच आत शिरा. कुबट वास फवाऱ्यानं फार वेळ लपत नाही.

सिलिकॉनबद्दल वेगळं सांगायला हवं. जुन्या सांध्यावर वरून नवं सिलिकॉन फासलेलं दिसलं की सावध व्हा. नीट काम करणारा माणूस सांध्यावरची पट्टी काढतो, जुना चिकट थर खरवडतो, ब्यूटाइल टेप (रबरासारखी चिकट टेप) लावतो आणि पट्टी पुन्हा स्क्रूनं आवळतो. ब्यूटाइल मऊ राहतं, गाडी हलली तरी सांधा धरून ठेवतं. सिलिकॉन मात्र एकदा लागलं की त्याच्या उरलेल्या पापुद्र्यावर दुसरं काही धड चिकटत नाही. मला ते खरवडायलाच आठ दिवस लागले.

वजनाचंही तसंच. विकणाऱ्यानं लेबलवरचा आकडा दाखवला होता. तो रिकाम्या कॅम्परचा असू शकतो. तसा असेल तर त्यात पाणी, गॅसची टाकी, नंतर बसवलेल्या वस्तू धरलेल्या नसतात. नुसतं ७५ लिटर पाणी म्हणजे ७५ किलो. काट्यावर नेऊन मोजा, आणि तुमची पिकअप किती भार घेऊ शकते तो आकडा गाडीच्या दाराच्या चौकटीवर किंवा कागदपत्रांत बघून ताडा.

कॅम्पर मी मोडीत काढला नाही. पत्रा उतरवला, पुढचे दोन्ही कोपरे नव्या लाकडानं बांधले, जॅकच्या जागी आतून जाड प्लायवूड आणि लोखंडी पट्टी देऊन बोल्ट आरपार घेतले. प्रत्येक टप्प्याचे फोटो काढून तारखेनिशी ठेवतोय. मागचे कोपरे अजून उघडायचे आहेत. पॅनेल न काढताच तिथं मीटर २८ दाखवतंय.