क्रँक सेन्सर, लोकल, ६८० रुपये: आठ महिन्यांनी मत बदललंय, कपलरचा राग तसाच आहे

क्रँक सेन्सर म्हणजे इंजिन फिरतंय का आणि किती वेगानं, हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारा पार्ट. त्याला चार स्टार, त्याच्या कपलरला (वायरी जोडणाऱ्या प्लगला) एकही नाही. पुढं बरंचसं कपलरबद्दलच आहे, त्यामुळं फक्त "घेऊ का नको" एवढंच विचारायचं असेल तर उत्तर: घ्या, पण आधी कपलर तपासा. कदाचित घ्यायची वेळच येणार नाही.

गाडी बाराशे सीसी पेट्रोल, सेन्सर दोन वायरींचा, गिअरबॉक्सच्या बाजूनं फ्लायव्हीलचे (इंजिनाच्या टोकावरच्या जड चाकाचे) दात वाचणारा. ओरिजनल १,९५०, लोकल ६८०. कोल्हापूरच्या उद्यमनगरात दोन्ही एकाच काउंटरवर मिळतात. लोकल मागितला की "वॉरंटी नाही हं" एवढंच ऐकायला मिळतं आणि बिलबुक परत ड्रॉवरमध्ये जातं. आज आठ महिने, ११,००० किलोमीटर झाले. पहिल्या महिन्यात पाच स्टार दिले असते, तिसऱ्यात शून्य.

दुखणं ओळखीचंच. उसाच्या हंगामात गगनबावडा रोडला ट्रॉल्यांच्या मागं पाऊण तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जायचं, बॉनेटखाली वारा नाही, आणि गाडी चालता चालता गप्प. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. अर्धा तास थंड झाली की एका सेल्फला चालू.

अशा गाडीत निम्मे मिस्त्री पहिलं बोट टाकीतल्या पेट्रोल पंपाकडं दाखवतात. त्याला कारणही आहे. चावी ऑन केली की पंप दोनेक सेकंद गुंगुं करून थांबतो. सेल्फ मारताना त्याला परत करंट द्यायचा का, हे ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) क्रँक सेन्सरच्या सिग्नलवरून ठरवतो. सिग्नल नसेल तर ईसीयूच्या लेखी इंजिन फिरतच नाही, मग पंपाला करंट नाही, इंजेक्टर नाही, स्पार्क नाही. मिस्त्री पंपाच्या वायरीला टेस्ट लॅम्प लावतो, तो पेटत नाही, आणि चांगल्या पंपाचे काही हजार बिलावर चढतात. एकाच वेळी स्पार्क आणि पेट्रोल दोन्ही गायब असतील तर दोन वेगवेगळे पार्ट एका मिनिटात मेले असं समजण्याऐवजी दोघांना हुकूम देणाऱ्याकडं बघावं.

पैसे न खर्चता करायची पहिली खूण आरपीएमच्या काट्यात आहे. गिअरमध्ये असताना गाडी बंद पडली आणि क्लच दाबला नाही, तर चाकं इंजिनला अजून फिरवत असतात. अशा वेळी काटा हळूहळू खाली आला तर सिग्नल येतोय, पेट्रोल किंवा इग्निशन बघा. वेग तसाच असताना काटा धाडकन शून्यावर पडला तर क्रँकचा सिग्नल तुटला. घाटात हा प्रयोग मुद्दाम करू नका, स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात.

दुसरी खूण स्कॅनरची. २०१३ नंतरच्या गाडीला डॅशबोर्डखाली सोळा पिनांचा सॉकेट असतो, त्यात बसणारा ब्लूटूथचा स्वस्त डबा पुरतो. पी०३३५ हा कोड म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड. पी०३३६ म्हणजे सिग्नल येतोय पण वेडावाकडा: दात मोडलेला, गॅप चुकलेला किंवा टोकाला लोखंडाचा कीस चिकटलेला. पी०३३९ म्हणजे मधूनच तुटतोय. कोड सर्किटबद्दल बोलतो, पार्टबद्दल नाही. पी०३३५ मध्ये सेन्सर, वायर, कपलर आणि ईसीयूची पिन सगळे आरोपी असतात, पण बिल नेहमी सेन्सरचंच फाडलं जातं. सेल्फ मारताना लाइव्ह डेटामध्ये आरपीएम दोनशेच्या आसपास दिसला पाहिजे. शून्य दिसला तर संशय पक्का. पण बॅटरी मेलेली असेल तर सेल्फच्या वेळी डबाच रीसेट होतो आणि शून्य दाखवतो. आणि हो, काम झालं की डबा काढा. सोळा नंबरच्या पिनेवर बॅटरीचा करंट कायम असतो, गाडी आठवडाभर उभी राहिली तर सकाळी सेल्फ कण्हतो.

सेन्सर सापडायचा कसा? क्रँकच्या दोनपैकी एका टोकाला. एकतर पुलीच्या बाजूला, नाहीतर गिअरबॉक्स जिथं इंजिनाला भेटतो तिथं. काही इंजिनांत मधेच ब्लॉकवर, सेल्फ मोटरच्या जवळपास असतो. या गाडीत एअर फिल्टरचा डबा काढला की बेलहाउसिंगच्या (फ्लायव्हीलवरच्या कवचाच्या) माथ्यावर हाताच्या अंतरावर दिसतो. दहा नंबरचा एकच बोल्ट. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढायची, इंजिन थंड असू द्यायचं. ओ-रिंग (रबरी कडी) धरून बसलेली असते, म्हणून आधी सेन्सर डावी-उजवीकडं फिरवून सोडवायचा, मग सरळ वर ओढायचा. स्क्रू ड्रायव्हरनं उचकटलं की मान मोडते आणि टोक आत राहतं. बसवताना ओ-रिंगला इंजिन ऑइलचं बोट, आणि बोल्ट आठ-दहा न्यूटन मीटर. टॉर्क पाना नसेल तर मनगटाच्या जोरावर आवळा, खांदा लावू नका.

मल्टिमीटर लावण्याआधी वायरी मोजा. दोन वायरी म्हणजे आत कॉइल आणि चुंबक, स्वतःचा व्होल्टेज स्वतः तयार करणारा. तीन वायरी म्हणजे बहुतेक हॉल सेन्सर, बाहेरच्या सप्लायवर चालणारा: सप्लाय, अर्थ, सिग्नल. त्याला रेझिस्टन्स मोजायला जाऊ नका, आकडा निरर्थक येतो आणि आतलं सर्किटही जाऊ शकतं. त्याचा सप्लाय आणि अर्थ तपासून सिग्नल खाली-वर होतो का बघायचं. तिसरी वायर नुसत्या शिल्डची असलेले कॉइलवाले सेन्सरही असतात, त्यामुळं वायरी मोजून लगेच निकाल देऊ नका, सर्किट डायग्राम बघा.

या सेन्सरचे आकडे असे. जुना ओरिजनल थंड असताना ८८० ओहम, नवा लोकल ९१०. पिन आणि बॉडीमध्ये दोन्हीत अनंत, तसंच पाहिजे. सेल्फ मारताना एसी व्होल्टेज जुन्याचा १.०, लोकलचा ०.७. साध्या पिवळ्या मीटरवर एसीची रेंज २०० पासूनच सुरू होते, शेवटचा आकडा नाचत राहतो, पण एवढा फरक कळतो. लोकल कमी का, ते व्हर्नियर (बारीक माप घेणारी पट्टी) लावल्यावर समजलं, आणि उद्यमनगरात व्हर्नियर कुणाच्याही खिशात निघतो. फ्लँजपासून (बोल्ट बसतो त्या कानापासून) टोकापर्यंत लोकल ०.४ मिलिमीटरनं आखूड आहे. दात आणि टोक यांच्यातली गॅपच जेमतेम मिलिमीटरभर, त्यात ०.४ वाढली तर सिग्नल उतरणारच. फ्लँज कानसीनं घासून टोक पुढं घेण्याचा देशी उपाय सुचवणारे भेटतील. अंदाज चुकला तर फ्लायव्हीलचे दात सेन्सरचं टोक खाऊन टाकतात. ०.७ वर गाडी थंडीतल्या सकाळीही चालू होते, फक्त सेल्फ अर्धा सेकंद जास्त घेतो. बॅटरी म्हातारी असेल तर मात्र हा अर्धा सेकंद नडेल, कारण सेल्फ हळू फिरला की हा व्होल्टेज अजून पडतो.

इथपर्यंत ६८० रुपयांत तक्रारीला जागा नव्हती.

तिसऱ्या महिन्यात वाघबीळच्या चढाला तेच. काटा धाडकन शून्यावर, पी०३३५, अर्ध्या तासानं चालू. लोकल माल गेला, अजून काय, असं धरून चाललो आणि इथंच चूक झाली. गाडी गरम असतानाच कपलर काढून सेन्सर मोजला: १,१०० च्या पुढं. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्क्यानं वाढतो, त्यामुळं हा आकडा अगदी निरोगी आहे. कॉइल तुटली असती तर मीटरनं नुसता १ दाखवला असता. कपलर परत लावला, गाडी लगेच चालू. थंड व्हायची वाटही बघितली नाही.

मग कपलर. त्यात दोन दोष निघाले आणि ते एकमेकांना धरून आहेत.

पहिला या लोकल सेन्सरचा. कपलरची जीभ ज्या दातावर अडकते तो दात ओरिजनलपेक्षा अर्ध्या मिलिमीटरनं बुटका आहे. बसवताना "टक्" आवाज येत नाही. कपलर जातो शेवटपर्यंत, पण अडकत नाही, नुसता टेकून राहतो. सेन्सर बनवणाऱ्यानं कॉइल नीट गुंडाळली, चुंबक बरा घातला, ओ-रिंगसुद्धा चांगली दिली, आणि साच्यातला एक दात कोरताना कंजूषपणा केला. ज्या गावात पंपाच्या इंपेलरपासून ट्रॅक्टरच्या हाउसिंगपर्यंत सगळं ओततात, तिथल्या गिऱ्हाइकाला असला दात विकायचा म्हणजे धाडसच! फ्लायव्हीलच्या डोक्यावर बसलेल्या पार्टला थरथर किती, हे काय नवीन आहे का?

दुसरा दोष कुठल्याही दुकानातून आलेला नाही. हार्नेसच्या (गाडीच्या वायरींच्या जुडग्याच्या) बाजूच्या कपलरमधल्या दोन फिमेल पिनांपैकी एक फाकली होती. कारण मीटर. पिवळ्या मीटरची टोचणी दोन मिलिमीटर जाड, पिनेची खाच त्याहून बारीक. कंटिन्युइटी बघायला समोरून टोचणी घुसवली की पत्र्याचे कान उघडतात आणि परत मिटत नाहीत. थंड असताना पिन टेकते. गरम झाल्यावर प्लॅस्टिक आणि पत्रा आपापल्या परीनं फुगतात, टेकणं सुटतं, सिग्नल जातो. लक्षण डिट्टो मेलेल्या सेन्सरचं. म्हणजे तपासणीच कधीकधी रोग लावून जाते. मोजायचंच असेल तर कपलरच्या मागून, रबर सीलच्या कडेनं बारीक सुई सरकवून मोजा. किंवा हार्नेसच्या पिनांना हातच न लावता फक्त सेन्सरच्या बाजूनं मोजा.

फाकलेली पिन नजरेला दिसत नाही, हाताला कळते. त्याच मापाची एक सुटी मेल पिन घ्यायची, आत घालून बाहेर ओढायची. चांगली फिमेल पिन थोडी धरून ठेवते, लोण्यातून सुरी काढल्यासारखी निघाली तर बदला. गाडी चालू ठेवून कपलर आणि वायर हलकेच हलवणं हीसुद्धा चाचणीच. इंजिन अडखळलं तर जागा सापडली. हात मात्र पंखा आणि बेल्टपासून लांब ठेवा. वायर गरम पाइपला किंवा हीट शील्डच्या कडेला घासते का, तेही तेवढ्यात बघून घ्या.

मग राहिला मूळ प्रश्न: जुना ओरिजनल खरंच मेला होता का? गोकुळच्या रिकाम्या पिशवीत सेन्सर घालून तोंड बांधलं, वायरी बाहेर, आणि उकळत्या पाण्यात दहा मिनिटं, पातेल्याच्या तळाला न टेकवता. ८८० वरून सरकत १,११५ वर येऊन थांबला. वायर वाकवून, मुरडून, टोकावर ठोकून बघितलं, आकडा ढळला नाही. ठणठणीत! नव्या सेन्सरनं पहिले दोन-अडीच महिने गाडी बरी चालली ती पार्ट बदलला म्हणून नव्हे, तर काढ-घाल करताना पिन नव्या जागी टेकली म्हणून. बुटक्या दातामुळं कपलर मग इंचाइंचानं मागं सरकत गेला.

म्हणून तिसऱ्या महिन्यातले शून्य स्टार मागं घेतले. हिशोब मात्र लिहून ठेवतो: सेन्सर ६८०, मजुरी ४००, बाहेर स्कॅनिंग ३००, एकूण १,३८०. खरी दुरुस्ती म्हणजे दोन फिमेल पिना २० रुपये आणि वायरमनकडं क्रिम्पिंग (पिन वायरवर दाबून बसवणं) १००. पिना सोल्डर करू नका म्हटलं तर वायरमन चिडतात, पण सोल्डर जिथं संपतो तिथं वायर ताठ होते आणि थरथरीनं तिथंच तुटते. शिवाय दोन वायरी उलटसुलट होऊ देऊ नका. या सेन्सरला उलटं-सुलटं असतं, पोलॅरिटी फिरली की टायमिंग चुकतं आणि गाडी एकतर चालू होत नाही, नाहीतर खोकत चालते.

सेकंडहँड गाडी असेल तर अजून एक. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं होतं, आणि पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या पुढं पॉलिश होऊन बाजारात येतात. कपलर उघडला आणि पिनांवर हिरवी पूड किंवा सीलमागं गाळाची रेघ दिसली, तर एका सेन्सरवर भागणार नाही, हार्नेसचे सगळेच कपलर उघडून बघा.

सध्या लोकल सेन्सरच बसवलेला आहे. पाच महिन्यांत एकदाही कोड नाही, पेंडिंग (अजून पक्का न झालेला) कोडसुद्धा नाही. एप्रिलमध्ये भर दुपारी करूळ घाट चढून झाला, काटा जागेवर. कपलरला दोन काळे केबल टाय आवळलेत, एक आडवा, एक मानेभोवती, कारण तो दात काही वाढणार नाही. जुना ओरिजनल डिकीत दहाच्या गोटी पान्याबरोबर पडून आहे. पुढच्या सर्व्हिसिंगला एअर फिल्टर उघडला की तोच परत बसवणार, त्याचा "टक्" आवाज येतो.