‘आयुष्यभर पुन्हा वापरा’ म्हणून विकली जाणारी बरण्यांची झाकणं: घेण्याआधी वाचा

घरी फळं आणि टोमॅटो बरण्यांत हवाबंद करून ठेवणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. ऑनलाइन ‘पर्यावरणपूरक, आयुष्यभर टिकणारी’ म्हणून मिळणाऱ्या झाकणांनी माझे पैसे तर गेलेच, शिवाय भरलेल्या बरण्याही ओतून द्याव्या लागल्या.

धातूचं नेहमीचं चपटं झाकण एकदाच वापरायचं असतं. त्याच्या कडेचा मऊ थर गरम झाला की काचेच्या काठावर दाबून बसतो आणि त्यावर कायमची खाच पडते. दर हंगामात अशी झाकणं फेकताना जिवावर यायचं. प्लॅस्टिकची चकती आणि सुटी रबरी रिंग असलेली, पुन्हा वापरता येणारी झाकणं खरोखर असतात, कित्येक वर्षांपासून विकली जातात आणि चांगली चालतातही. त्यांच्याच नावावर हा खोटा माल खपतो आहे.

ही झाकणं लावून उकळलेल्या बरण्या थंड झाल्यावर चकतीला दाबून धरणारं वरचं आट्यांचं कडं काढून प्रत्येक चकती कडेला धरून उचलून पाहिली. सगळ्या पक्क्या होत्या. काही आठवड्यांनी कपाटातून एक बरणी काढली, तर चकती बोटानं सरकली. काठाखाली चिकट ओघळ आणि आत बुरशीची पांढरी साय. बाकीच्या तपासल्या, तर आणखी काही सुटलेल्या. धातूच्या झाकणाचा मधला खळगा वर आला की हवा शिरल्याचं दिसतं. या जाड चकतीवर काहीच दिसत नाही, म्हणून इथे धोका जास्त.

रिंगा उजेडात धरल्या तेव्हा उलगडा झाला. एकीकडे जाड, दुसरीकडे पातळ, आणि साच्याच्या जोडाची रेघ नखाला लागत होती. अशी रिंग काचेवर सगळीकडून बसणार कशी?

विक्रेत्याचं उत्तर: ‘तुम्ही कडं नीट आवळलं नाही.’ या प्रकारात बरणी उकळायला ठेवताना कडं किंचित सैल ठेवतात, म्हणजे आतली हवा निघते, आणि बाहेर काढल्याबरोबर आवळतात. मी तसंच केलं होतं. त्यांच्या पाकिटावर मात्र याबद्दल एक ओळ नाही, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, प्लॅस्टिक कोणतं तेही नाही. ‘फूड ग्रेड’ हा शब्द फक्त जाहिरातीत. पुढे कळलं की जाहिरातीतले फोटोसुद्धा दुसऱ्याच कंपनीच्या झाकणांचे होते. परतावा मागितला, तर ‘अन्नाला लागलेली वस्तू परत घेत नाही’. मग वापरल्याशिवाय झाकण बिघडलंय हे कळायचं कसं, याला उत्तर नाही.

बुरशी काढून खालचं वापरू, असं कृपा करून करू नका. बुरशी आंबटपणा कमी करते, आणि पीएच (आंबटपणाचं माप; आंबटपणा कमी झाला की हा आकडा वाढतो) ४.६ च्या वर गेला की बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात. त्यांचं विष वासाला किंवा चवीला कळेलच असं नाही. त्यांचे बीजाणू साध्या उकळत्या पाण्यात मरत नाहीत, म्हणून तर कमी आंबट पदार्थांना प्रेशर कॅनरच (दाबाखाली उकळत्या पाण्यापेक्षा जास्त तापणारं, बरण्यांसाठीचं भांडं) लागतो.

अशी झाकणं लावलेल्या बरण्या तुमच्या कपाटात असतील, तर आजच खाली काढा, कडं काढून प्रत्येक चकती उचलून पाहा. जी सुटेल तिच्यातलं चाखूनही न बघता टाकून द्या. रिंगांचे, पाकिटाचे आणि जाहिरातीचे फोटो आधी काढून ठेवा. विक्रेत्यानं ते पान नंतर बदललं, आणि माझी तक्रार त्या फोटोंवरच उभी आहे.