परिचारिकांसाठीची अर्ज-मार्गदर्शन सेवा: निबंध उत्तम, गुणपत्रिकांची तपासणी निष्काळजी

न्यू जर्सीतील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात सात वर्षे परिचारिका म्हणून काम केल्यावर मी फिजिशियन असिस्टंटच्या, म्हणजे डॉक्टरांच्या जोडीने रुग्ण तपासून उपचार करणाऱ्या व्यावसायिकाच्या, अभ्यासक्रमाला अर्ज करण्याचे ठरवले आणि एका ऑनलाइन मार्गदर्शन सेवेचे शुल्क भरले. त्यात निबंधाचे संपादन, गुणपत्रिकांची तपासणी आणि दोन सराव मुलाखती होत्या.

निबंधाच्या कामाला मी पूर्ण गुण देते. कास्पा या केंद्रीय अर्जप्रणालीत निबंधाला ५००० अक्षरांची मर्यादा आहे आणि माझा पहिला मसुदा सगळा सेवाभावानेच भरलेला होता. माझ्या मार्गदर्शक पूर्वी स्वतः परिचारिका होत्या. त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारले, “मग तुम्ही नर्स प्रॅक्टिशनर का होत नाही?” नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे प्रगत शिक्षण घेऊन निदान आणि उपचारही करणारी परिचारिका. तिचे शिक्षण परिचर्येच्या पायावर, ठरावीक रुग्णगटासाठी असते, फिजिशियन असिस्टंटचे मात्र डॉक्टरांच्या शिक्षणाच्या धर्तीवर सर्वसाधारण असते आणि पुढे शाखा बदलण्याची मुभा राहते. मला शस्त्रक्रिया विभागात जायचे होते, पण जन्मभर तिथेच अडकायचे नव्हते, हे त्या प्रश्नामुळेच मला नेमके मांडता आले. फिजिशियन असिस्टंट या व्यवसायाचे जनक डॉ. यूजीन स्टेड यांनी ड्यूक विद्यापीठात आधी परिचारिकांनाच असे प्रगत शिक्षण देऊ पाहिले होते, पण त्या अभ्यासक्रमाला परिचर्या क्षेत्रातील संस्थेने मान्यता नाकारली आणि १९६५ साली पहिली तुकडी नौदलातील माजी वैद्यकीय सहायकांची सुरू झाली, हेही मला माझ्या मार्गदर्शकांकडूनच कळले. एक परिचारिका म्हणून ते ऐकताना मला फार चुटपुट लागली.

गुणपत्रिकांच्या तपासणीत मात्र मोठी चूक झाली. परिचर्येच्या पदवीसाठी केलेले रसायनशास्त्र सगळीकडे चालेल, असे मला लेखी कळवण्यात आले. प्रत्यक्षात मी निवडलेल्या बहुतेक विद्यापीठांना विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांचे, प्रयोगशाळेसह शिकवलेले रसायनशास्त्र हवे होते. माझे एक पूर्ण वर्ष गेले. रात्रपाळ्या सांभाळून मी तो विषय कम्युनिटी कॉलेजात नव्याने केला. सेवेने दिलगिरी व्यक्त केली, पण शुल्काचा एक डॉलरही परत केला नाही.

सराव मुलाखती ठीकठाक होत्या. निबंधापुरती ही सेवा मी जरूर सुचवेन, मात्र पूर्वअट असलेल्या विषयांबद्दल प्रत्येक विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला स्वतः ईमेल करून लेखी उत्तर मागवावे.