सर्व पिकांसाठी एकच जिवाणू पाकीट: दोन हंगामांच्या वापरानंतरचे परीक्षण

मातीत मिसळण्याच्या ज्या जिवाणू भुकटीचे हे परीक्षण आहे, तिच्या वेष्टनावर रायझोबियम (शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी करून हवेतील नत्र बांधणारे जिवाणू), स्फुरद विरघळवणारे जिवाणू, ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशींना अडवणारी बुरशी) आणि मायकोरायझा (मुळांशी भागीदारी करणारी बुरशी) अशी चार नावे एकाखाली एक छापलेली आहेत आणि त्यांच्याखाली ठळक अक्षरांत ‘सर्व पिकांसाठी, सर्व जमिनींसाठी’ असे आश्वासन आहे. उत्पादकाचे नाव मी देत नाही, कारण याच धाटणीची पाकिटे अनेक जण विकतात आणि मला आढळलेले बहुतेक दोष अशा मिश्रणाच्या कल्पनेतच आहेत. मी ही भुकटी दोन हंगाम कुंड्यांत आणि वाफ्यांत, सोयाबीन, मका आणि मोहरी या तीन पिकांवर वापरली. तिने एका पिकात, एका विशिष्ट परिस्थितीत, डोळ्यांना दिसेल असे उत्तम काम केले. उरलेल्या ठिकाणी जे श्रेय तिला मिळाले असते ते तिचे नव्हते.

हे श्रेय कोणाचे, ते ओळखण्यासाठी केलेली एक छोटी युक्ती आधी सांगितली पाहिजे, कारण ती केली नसती तर हे परीक्षण पूर्णपणे वेगळे आणि बहुधा फार कौतुकाचे झाले असते. पाकिटातील अर्धी भुकटी मी ओलसर करून प्रेशर कुकरमध्ये दीर्घकाळ वाफवली, म्हणजे तिच्यातील सजीव मेले पण भुकटीचा बाकीचा माल तसाच राहिला. मग कुंड्यांचे तीन गट केले: एका गटात काहीच घातले नाही, दुसऱ्यात जिवंत भुकटी घातली आणि तिसऱ्यात तितकीच मेलेली भुकटी घातली. माती एकाच ढिगातली, चाळून एकजीव केलेली होती. कुंड्या एका आकाराच्या होत्या आणि उन्हाचा फरक पडू नये म्हणून दर आठवड्याला त्यांच्या जागा बदलल्या.

मक्याच्या कुंड्यांनी पहिला धक्का दिला. काहीच न घातलेल्या मक्यापेक्षा भुकटी घातलेला मका तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून गडद हिरवा दिसू लागला आणि त्याची पानेही रुंद होती. मात्र जिवंत भुकटीचा मका आणि मेलेल्या भुकटीचा मका यांच्यात कोणता कोणता हे पाट्या झाकल्यावर घरातल्या कोणालाच सांगता आले नाही. याचा अर्थ असा की हिरवेपणा आला तो ज्या कुजलेल्या सेंद्रिय मालात जिवाणू मुरवलेले होते त्या मालातील अन्नद्रव्यांमुळे. तितकेच चांगले कुजलेले कंपोस्ट घातले असते तरी हेच घडले असते, आणि दुसऱ्या हंगामात घालून पाहिले तेव्हा तसेच घडले. भुकटी घातलेली आणि न घातलेली अशा दोनच ओळी शेजारी ठेवून काढलेल्या छायाचित्रांवर मी तेव्हापासून विश्वास ठेवत नाही.

सोयाबीनची गोष्ट वेगळी झाली. त्या मातीत सोयाबीन पूर्वी कधीही घेतलेले नव्हते. पेरणीनंतर पाचव्या आठवड्यात प्रत्येक गटातील एक-एक रोप कुंडीतून मातीच्या गोळ्यासकट काढून बादलीतल्या पाण्यात हळूहळू धुतले. काहीच न घातलेल्या आणि मेलेली भुकटी घातलेल्या गटांतील मुळे स्वच्छ, पांढरी आणि गुळगुळीत होती. त्यांच्यावर एकही गाठ नव्हती. जिवंत भुकटी बियाण्याला चोळून पेरलेल्या रोपाच्या सोटमुळावर मात्र, खोडाच्या अगदी खाली, ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोल गाठींचा घोस लगडलेला होता. नखाने एक गाठ फोडली तेव्हा आतून गुलाबी, जवळजवळ मांसासारखा रंग निघाला. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा. गाठीतल्या ज्या विकरामुळे हवेतील नत्र बांधला जातो ते विकर प्राणवायूने निकामी होते, म्हणून प्राणवायू धरून त्याचा पुरवठा मोजून-मापून करणारे हे द्रव्य तेथे लागते. गाठ आतून पांढरी किंवा हिरवट निघाली तर ती एक तर कोवळी असते, नाही तर म्हातारी वा निरुपयोगी. गाठींची जागाही बोलकी होती: बियाण्याबरोबर आलेले जिवाणू सोटमुळाच्या वरच्या भागात गाठी करतात, तर मातीत आधीपासून असलेल्या जिवाणूंच्या गाठी बाजूच्या मुळांवर विखुरलेल्या सापडतात.

म्हणजे पाकिटातले रायझोबियम जिवंत होते आणि सोयाबीनला चालणारे होते. ते चालणारे निघाले हे माझे नशीब, कारण वेष्टनावर तसे कोठेही लिहिलेले नाही. सोयाबीनच्या मुळावर गाठी करणारा ब्रॅडीरायझोबियम हरभऱ्याच्या उपयोगाचा नाही आणि हरभऱ्याच्या गाठीतला मेसोरायझोबियम सोयाबीनला ओळखतही नाही. मूळ ज्या रासायनिक खुणा सोडते त्या ओळखणाऱ्याच जिवाणूला दार उघडले जाते. नोब्बे आणि हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञांनी 1896 च्या सुमारास जगातील पहिले व्यापारी जिवाणू संवर्धक बाजारात आणले, तेव्हासुद्धा वेगवेगळ्या शेंगवर्गीय पिकांसाठी वेगवेगळ्या बाटल्या होत्या. सव्वाशे वर्षांनंतर नुसते ‘रायझोबियम’ छापून ‘सर्व पिकांसाठी’ म्हणणे ही मागे गेलेली गोष्ट आहे.

दुसऱ्या हंगामात मी सोयाबीनचाच प्रयोग जिथे आदल्या वर्षी गाठी असलेले सोयाबीन उभे होते त्या मातीत केला. तेथे तिन्ही गटांत सारख्याच गाठी आल्या. जिवाणू मातीत आधीच मुक्कामाला होते, तेव्हा नव्या पाहुण्यांना जागा उरली नव्हती. एका कुंडीत मुद्दाम युरिया घातला, तर तिथल्या गाठी संख्येने कमी आणि आकाराने बारीक राहिल्या. आयता नत्र मिळत असताना रोप स्वतःची साखर जिवाणूंवर खर्च करत नाही. हा काही पाकिटाचा दोष नव्हे, परंतु माहितीपत्रकात ‘नेहमीच्या खतमात्रेबरोबर वापरावे’ असे जे लिहिले आहे ते या कारणाने दिशाभूल करणारे आहे.

रायझोबियमला जे जमले ते इतर तिघांना का जमू नये, याचे उत्तर साध्या आकडेमोडीत सापडते. सुपीक मातीच्या एका ग्रॅममध्ये 10 कोटी किंवा त्याहून अधिक जिवाणू सहज असतात. तेव्हा पाच किलो मातीच्या कुंडीत ते 50 हजार कोटींच्या घरात जातात. वेष्टनावरचा दावा खरा धरला तरी भुकटीच्या एका ग्रॅममध्ये 1 कोटी पेशी आहेत आणि कुंडीला सांगितलेली मात्रा 10 ग्रॅमची आहे, म्हणजे आपण घालतो ते 10 कोटी. पाच हजार स्थानिकांमागे एक परका, तोही उपाशी आणि वाळवणातून नुकताच उठलेला. रायझोबियमचे तसे नसते. त्याला मुळाच्या आत बंद खोली आणि रोजचे जेवण मिळते, त्यामुळे मूठभर पेशींची तेथे अफाट प्रजा होते. स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंना असे घर कोणी देत नाही. प्रयोगशाळेतील काचेच्या ताटलीत ते आपल्याभोवती सेंद्रिय आम्ले सोडून कॅल्शियम फॉस्फेट विरघळवतात आणि स्वच्छ वलय पाडून दाखवतात, हे खरेच. पण चुनखडीच्या जमिनीत ते थोडेसे आम्ल चुना तिथल्या तिथे मारून टाकतो.

मायकोरायझाच्या बाबतीत वेष्टनाचा अडाणीपणा उघडा पडतो. चारही सजीवांची संख्या मिळून एकाच आकड्यात, ‘वसाहत निर्माण करणारी एकके’ या मापाने दिली आहे. पिकांच्या मुळांत राहणारी ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढतच नाही, ताटलीवर तिची वसाहत होत नाही, आणि म्हणून ती मोजायची तर बीजाणूंच्या किंवा बुरशी लागलेल्या मुळांच्या तुकड्यांच्या हिशेबाने मोजावी लागते. तो आकडा नसेल तर पाकिटात ती किती आहे, किंबहुना आहे की नाही, हे कळायला मार्ग नाही. भरीस भर म्हणजे ‘सर्व पिकांसाठी’ या यादीत मोहरी आणि कोबी यांची चित्रे छापली आहेत. या कुळातील वनस्पती या बुरशीशी भागीदारी करत नाहीत. पालक आणि बीट यांचेही तेच. माझ्या मोहरीच्या तिन्ही गटांत जिवंत-मेलेल्याचा काहीएक फरक पडला नाही, आणि पडण्याचे कारणही नव्हते.

ज्या पिकांशी तिची भागीदारी होते तेथे ती निरुपयोगी आहे असे मात्र कोणी समजू नये. मुळाला जिथपर्यंत पोहोचता येत नाही अशा बारीक फटींतून तिचे तंतू स्फुरद आणि जस्त ओढून आणतात, आणि बदल्यात साखर घेतात. निर्जंतुक केलेल्या मातीत तिचा परिणाम फार मोठा दिसतो, कारण तेथे प्रतिस्पर्धी नसतात आणि तिच्या जातभाईंपैकीही कोणी नसते. जाहिरातीतील दोन रोपांची तुलना बहुधा अशाच मातीतली असते. ज्या जमिनीत वर्षानुवर्षे पिके उभी आहेत तेथे ती आधीच असते. जेथे स्फुरदाची खते भरपूर पडलेली आहेत तेथे रोपच तिला मुळात फारसे शिरू देत नाही. म्हणून ही बुरशी विकत घ्यायचीच असेल तर ती रोपवाटिकेतील वाफवलेल्या मिश्रणासाठी, खरवडून टाकलेल्या उघड्या जमिनीसाठी किंवा बराच काळ पडीक व नांगरलेल्या रानासाठी घ्यावी, आणि तीसुद्धा वेगळ्या पाकिटातली.

ट्रायकोडर्माचा उपयोग मला एका जागी वाटला, पण तो खात्रीने सिद्ध करता आला नाही: रोपांच्या ट्रेमध्ये, जिथे पिथियमसारख्या बुरशींमुळे कोवळी रोपे मानेशी सडून आडवी होतात, तिथे जिवंत भुकटीच्या ट्रेत पडझड कमी झाली. ट्रायकोडर्मा आधी पोहोचला तर तो जागा अडवतो. रोप एकदा सडू लागल्यावर तो काही करत नाही.

मला या साऱ्या उपद्व्यापात सर्वांत जास्त शिकवले ते पाकिटाबाहेरच्या गोष्टींनी. एका ढिगातील मातीचा सामू 5.2 निघाला. इतक्या आम्ल मातीत अॅल्युमिनियम विरघळून मुळांची टोके जाळतो, मॉलिब्डेनम अडकून बसते आणि नेमके तेच मॉलिब्डेनम नत्र बांधणाऱ्या विकराला लागते. तेथे जिवंत भुकटी घालूनही गाठी मोजक्याच धरल्या. तीच माती बारीक दळलेली चुनखडी मिसळून, ओलसर ठेवून, काही आठवडे मुरू दिली आणि मग भुकटी चोळलेले बी पेरले, तेव्हा गाठी भरून आल्या. चुनखडीशिवाय भुकटी वाया गेली होती आणि भुकटीशिवाय चुनखडीच्या कुंडीत गाठ नव्हती, तरी रोप मात्र निरोगी होते. दोहोंपैकी एकच परवडत असेल तर त्या मातीत मी आधी चुनखडी घेईन.

दुसरी कुंडी अपघाताने उपयोगी पडली. तिच्या तळाचे छिद्र मातीने बुजले आणि माझ्या ते लक्षात आले नाही. वरून रोप नुसते फिकट वाटत होते. उपटले तर खालची अर्धी मुळे तपकिरी, बुळबुळीत आणि सडक्या अंड्याच्या वासाची होती, तर गाठी फक्त वरच्या दोन बोटे मातीत, जेथे वाफसा होता तेवढ्यातच होत्या. हवा नसेल तर कोणतेही उपकारक जिवाणू काम करत नाहीत, आणि जे काम करतात ते आपल्याला नको असलेले. थंडीचेही तसेच: मुळांभोवतीचे तापमान 15 अंश सेल्सिअसच्या आसपास आले की सोयाबीनच्या गाठी धरण्याची क्रिया फार लांबते, 25 ते 30 अंश तिला मानवतात. माझ्या उशिराच्या पेरणीतील रोपे पिवळी पडली तेव्हा मी विक्रेत्याला विचारले. ‘मात्रा दुप्पट करा’ असे उत्तर आले. तापमान काय आहे, पाणी साचते का, सामू किती, यांतील एकही प्रश्न त्याने विचारला नाही.

साठवणीविषयी वेष्टनावरील सूचना तोकडी आहे. दुसऱ्या हंगामासाठी मागवलेले पाकीट हातात आले तेव्हा ते गरम लागत होते आणि आतली भुकटी खडखडीत कोरडी होऊन तिचे खडे झाले होते. त्या भुकटीने नव्या मातीतील सोयाबीनला एकही गाठ दिली नाही. मुदत संपायला पाच महिने बाकी होते. छापील मुदत थंड जागी ठेवलेल्या पाकिटाची असते, उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीतल्या पाकिटाची नव्हे. भुकटी बियाण्याला चोळायची ती सावलीत, पेरणीच्या दिवशीच. बुरशीनाशक लावलेले बी यासाठी चालत नाही, आणि नळाचे पाणी वापरायचे असल्यास ते रात्रभर उघड्या भांड्यात ठेवावे, म्हणजे त्यातील क्लोरीन बऱ्याच अंशी उडून जातो. यांतील फक्त सावलीचा उल्लेख माहितीपत्रकात आहे.

पाच ताऱ्यांपैकी मी या पाकिटाला दोन देतो आणि ते दोन्ही रायझोबियमचे आहेत. ज्यांच्या जमिनीत सोयाबीन प्रथमच येत आहे त्यांनी सोयाबीनच्या नावाने विकले जाणारे, ब्रॅडीरायझोबियम हे नाव आणि त्याची स्वतंत्र संख्या छापलेले संवर्धक घ्यावे; हे मिश्रण घेण्याचे कारण नाही. माझ्याकडे पहिल्या पाकिटातील थोडी भुकटी उरली आहे. ती मी मक्याच्या वाफ्यात कंपोस्ट म्हणून टाकणार आहे, कारण मक्याच्या कुंड्यांत तिने तेवढेच काम केले होते.