जुन्या गोधड्या ‘नव्या करून’ देणाऱ्यांपासून सावध राहा

यंदा थंडीच्या तोंडावर अमळनेरला आमच्या गल्लीत एक बाई आणि एक टेम्पोवाला आले. ‘जुन्या गोधड्या नव्या करून मिळतील, हातशिलाई, आतलं कापड तुमचंच’ असं सांगत दारोदार फिरले. बऱ्याच घरांनी गोधड्या दिल्या. परत आल्या त्या नुसत्या ओळखीच्या खोळी, आतला माल गायब. हे लोक आता दुसऱ्या गावात हेच करत असणार, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

बाई बोलायला गोड. सासूबाईंना ‘आजी’ म्हणत पाया पडली. पिशवीतून नमुने काढून ओट्यावर पसरले आणि काम खरोखर देखणं होतं. काठापासून आत आत चौकोनात फिरत गेलेला धावदोरा, चारी कोपऱ्यांना त्रिकोणी ठिगळं. एका गोधडीचे १,४०० रुपये, त्यातले ६०० आगाऊ. पावती म्हणून वहीच्या कागदावर नाव आणि ‘गोधडी नग १’. आत लुगडी आहेत की धोतरं, थर किती, वजन किती, कशाचाही उल्लेख नाही. सगळी चलाखी त्या ‘नग १’मध्ये होती. एक नग नेला, एक नग परत दिला, मग तक्रार कसली, असं म्हणायला ते मोकळे.

गोधड्या आल्या तेव्हा वरचं कापड तेच, धुतलेलं, इस्त्री केलेलं. आपलं ओळखीचं फुलाफुलाचं पातळ दिसलं की माणूस आत बघत नाही. बाकीचे पैसेही सगळ्यांनी लगेच दिले.

रात्री सासूबाईंनी गोधडी अंगावर घेतली आणि थोड्याच वेळात उठून बसल्या. हाताने चाचपून म्हणाल्या, “हाई मन्ही गोधडी नही शे.” त्यांनी स्वतः शिवलेली गोधडी ती. आत त्यांच्या सासूची दोन नऊवारी लुगडी आणि मामंजींची धोतरं. आमच्याकडे प्रताप मिल चालू होती त्या काळातलं ते कापड, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. त्यांच्या हाताला फरक कळणारच.

सकाळी एक बाजू उसवली. काठालगत वीतभर हाताचे टाके होते, त्याच्या आत सगळी मशीन. हाताच्या धावदोऱ्यात टाका आणि मोकळी जागा आलटून पालटून दिसते, मशीनची रेघ दोन्ही बाजूंनी सलग असते. एवढं पाहिलं तरी पुरे. आतून निघाला राखाडी, दाबून बसवलेला चिंध्यांचा लगदा. त्यात निळे-लाल धाग्यांचे तुकडे आणि एका जागी शर्टाच्या कॉलरचं अख्खं लेबल. त्यातली दोरी चिमट्यात धरून अंगणात पेटवली तर ती वितळून आक्रसली आणि टोकाला काळा टणक मणी झाला. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचा येतो, मागे मऊ राख उरते. मुळात आमच्या गोधडीत सुताशिवाय काही नव्हतंच.

हा माल पहिल्याच धुण्यात गोळे होऊन एका कोपऱ्यात जमतो. शेजारच्या घरी तसंच झालं. हातमागाच्या जुन्या लुगड्यांना, जरीच्या काठांना आज गिऱ्हाईक आहे, त्यामुळे चोरी शिलाईच्या पैशांची नाही, आतल्या कापडाची आहे. शिलाईचे पैसे वर मिळाले.

गल्लीत फक्त एका काकूंची गोधडी वाचली. त्या म्हणाल्या, “काय करायचं ते माझ्या ओसरीत बसून कर, दोन दिवस जेवायलाही घालते.” बाई ‘उद्या येते’ म्हणून गेली ती त्यांच्या दारात पुन्हा आली नाही. माझ्या मते खरं-खोटं ओळखायला याहून चांगली परीक्षा नाही. आमच्या भागात घरोघर बसून गोधड्या शिवून देणाऱ्या प्रामाणिक बाया आहेत. त्यांना समोर बसून काम करण्यात कधीच अडचण नसते.

गोधडी घराबाहेर द्यावीच लागली तर एक कोपरा उसवून आतल्या थरांचे फोटो काढा, प्रत्येक थराच्या कोपऱ्यात रंगीत दोऱ्याने खूण घाला, वजन करा आणि हे सगळं पावतीवर लिहून घ्या. परत आल्यावर तोच कोपरा उसवून बघा, मगच बाकीचे पैसे द्या.

खरं तर हे काम घरी होतं. जुन्या ब्लेडने टाके कापत थर वेगळे करायचे, रिठ्याच्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचे. विरलेल्या जागी ठिगळ लावायचं. वरून नवं सुती कापड घालणार असाल तर ते आधी भिजवून, वाळवून घ्या, नाहीतर नंतर आटतं आणि अख्खी गोधडी चुरगळते. नवी करायची तर एका नऊवारीचे चार तुकडे करा. लुगडं साधारण सव्वाआठ मीटर भरतं, म्हणजे दोन मीटरचे चार थर एकाच लुगड्यातून निघतात, एका माणसाच्या गोधडीला पन्हाही पुरतो. जमिनीवर ताणून पसरा, कडांवर वजन ठेवा, मधून बाहेरच्या दिशेने मोठे कच्चे टाके घाला, म्हणजे थर सरकत नाहीत. मग दुहेरी सुती दोऱ्याला मेण लावून काठापासून आत शिवत या.

पोलीस ठाण्यात आम्ही सगळ्यांनी मिळून लेखी अर्ज दिला. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. ज्यांनी आगाऊ रक्कम फोनवरून पाठवली होती त्यांनी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवलं. तो फोन पैसे गेल्या गेल्या केला तरच रक्कम अडवता येण्याची शक्यता असते, थांबू नका. त्या बाईचा नंबर तेव्हापासून बंद आहे.

पारोळा, एरंडोल, धरणगाव, चोपडा या बाजूला कोणाला जुनी लुगडी विकायला आली तर एवढं बघा. एक गर्द हिरवं, लाल काठाचं, आणि एक जांभळं, ज्याच्या पदराजवळ पांढऱ्या दोऱ्याने रफू केलेलं आहे. दोन्ही दोन-दोन मीटरच्या तुकड्यांत कापलेली असतील आणि कडांना जुन्या टाक्यांची भोकं दिसतील. दिसली तर विकणाऱ्याला काही न बोलता आधी जवळच्या पोलीस ठाण्यात सांगा. अमळनेरला आमचा अर्ज दिलेला आहे.