इस्ट्रोजेन जेल आणि प्रोजेस्टेरॉन: आठ महिने वापरल्यावर

वय ४६. पाळी गेली नव्हती, पण कधी २२ दिवसांनी यायची, कधी ५० दिवसांनी. पहाटे तीनला जाग यायची तेव्हा मानेखालची उशी ओली असायची, आणि अंगावरचं पांघरूण फेकून पाच मिनिटं होत नाहीत तोच थंडी वाजायची. दिवसभर चिडचिड. पहिल्या डॉक्टरांनी "या वयात चालायचंच" म्हणून झोपेची गोळी लिहून दिली. ते वाक्य मला अजून टोचतं, कारण त्या पायी माझं एक अख्खं वर्ष गेलं.

दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना तीन महिन्यांची वही नेली. पाळीच्या तारखा, रात्री किती वेळा घाम आला, झोप किती झाली, एवढंच लिहिलेलं. त्यांनी ती पान न् पान वाचली. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासलं, एफएसएच (पाळी जाताना वाढणारं हार्मोन) नाही; पाळी जाण्याआधीच्या या काळात ते सारखं वरखाली होतं, आणि पंचेचाळिशीनंतर निदान लक्षणांवरूनच करतात.

त्यांनी या त्रासावर हार्मोन सुचवली, पण मला धास्ती होती कर्करोगाची. या हार्मोननी स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो असं सांगणाऱ्या २००२च्या गाजलेल्या अमेरिकी अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि औषधंही वेगळी होती, हे तेव्हा कळलं. तरी धोका अजिबात नाही असं डॉक्टर म्हणाल्या नाहीत. दोन्ही हार्मोन वर्षानुवर्षं घेतली तर स्तनाच्या कर्करोगाची शक्यता थोडी वाढते. आईच्या पायात रक्ताची गुठळी झाली होती, म्हणून गोळीऐवजी जेल. त्वचेतून जाणाऱ्या इस्ट्रोजेनने गुठळीचा धोका गोळीसारखा वाढत नाही. गर्भाशय असेल तर नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही, आतलं अस्तर जाड होत जातं. त्यासाठी महिन्यातले १२ दिवस रात्री २०० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन.

घाम तिसऱ्या आठवड्यापासून कमी झाला. प्रोजेस्टेरॉनने गुंगी येते, त्यामुळे गोळी घेतली की मी सरळ आडवी होते, आणि त्या १२ रात्री झोप खरोखर गाढ लागते. पहिल्या दोन महिन्यांत छाती दुखरी झाली, मधूनच रक्ताचे डाग दिसले. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरले नाही, पण सहा महिन्यांनंतरही डाग दिसले तर लगेच या, असंही बजावलं होतं. जेल मांडीला लावते आणि पूर्ण वाळल्याशिवाय कपडे घालत नाही, कारण ओलं असताना दुसऱ्याच्या त्वचेला लागू शकतं.

सांधे मात्र अजून सकाळी आखडतात. योनीचा कोरडेपणाही जेलने पुरता गेला नाही, त्यासाठी कमी मात्रेचं वेगळं क्रीम सुरू केलंय. आणखी एक, मैत्रिणींना मी आवर्जून सांगते: या औषधांनी गर्भ राहायचा थांबत नाही, ती काळजी वेगळी घ्यावी लागते.

माझ्या बहिणीला स्तनाचा कर्करोग होऊन गेलाय, तिला हे चालत नाही. तिच्या डॉक्टरांनी तिला व्हेन्लाफॅक्सिन हे हार्मोन नसलेलं, एरवी नैराश्यावर देतात ते औषध दिलंय. घाम निम्म्यावर आलाय म्हणते. आता तीही वही लिहिते.