अकरा वर्षांच्या पोराच्या नावावर शेत: वकीलबाईंच्या सर्व्हिसला पाचपैकी चार

आधीच सांगतो, रिव्ह्यू जरा लांब होणारे, कारण ह्या कामात मला चार जणांनी चार उत्तरं दिली आणि त्यातली तीन चुकीची निघाली. नाव कुणाचंच टाकत नाही, तालुक्याचं गाव लहान आहे, उद्या परत त्याच टेबलासमोर उभं राहायचंय.

झालं असं की आईच्या नावावर सव्वा एकर शेत आहे, तिने नोकरीत असताना स्वतःच्या पैशातून घेतलेलं. ते तिला माझ्या मुलाला द्यायचं होतं, वय वर्षं ११. मला नाही, डायरेक्ट नातवाला. का ते पुढे येईल.

पहिल्यांदा गेलो रजिस्ट्री ऑफिससमोरच्या दुकानात, जिथे टायपिंग, स्टॅम्प, साक्षीदार सगळं एका छपराखाली मिळतं. तो म्हणाला अज्ञानाच्या, म्हणजे अठराच्या आतल्या पोराच्या, नावावर बक्षीसपत्र होतच नाही, लहान पोरगा करार करू शकत नाही मग बक्षीस घेणार कसा, तुमच्याच नावावर करा ना. वर म्हणाला नाहीतर खरेदीखत दाखवू, रक्कम कागदावर टाकू. म्हणजे जिथे पैसे लागतच नाहीत तिथे खोटे पैसे लिहायचे! ह्याला शून्य स्टार, आणि चहासुद्धा थंड होता.

मग मित्राने ह्या वकीलबाईंचं नाव सुचवलं. कोर्टाच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर ऑफिस, जिना असा की आईला दोनदा थांबावं लागलं. बसायला जागा कमी, दीड तास वाट बघितली. पण एकदा आत गेल्यावर बाईंनी फोन उलटा ठेवला आणि माझ्याशी नाही, आईशी बोलायला लागल्या. माझे अर्धे स्टार तिथेच गेले त्यांच्या खिशात.

त्यांनी सांगितलेलं माझ्या भाषेत असं, की १८७२ च्या करार कायद्यात अज्ञान करार करू शकत नाही हे खरं, पण बक्षीस म्हणजे करार नाही, त्यात पोराने काही द्यायचंच नसतं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२२ मध्येच लिहिलंय की बक्षीस घेणाऱ्याने किंवा त्याच्या वतीने कुणी स्वीकारलं की झालं, फक्त ते देणारा जिवंत असताना व्हायला पाहिजे. म्हणजे पालकाने सही केली की पुरे. कलम १२३ प्रमाणे दस्त रजिस्टर हवा, देणाऱ्याची सही हवी आणि कमीत कमी दोन साक्षीदार हवेत. बास. इतक्या सरळ गोष्टीसाठी मी दोन महिने फिरत होतो.

आईचा प्रश्न वेगळाच होता. तिने सरळ माझ्याकडे बोट करून विचारलं, “पण हा पालक म्हणून सही करणार, मग उद्या हाच ह्यावर कर्ज काढणार नाही कशावरून?” (माझा मधे एक धंदा बसला होता, त्याचं पुराण इथे नको.) बाई हसल्या आणि म्हणाल्या आजी, नाही काढू शकत. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा, १९५६, कलम ८. पालकाला कोर्टाच्या परवानगीशिवाय पोराची जमीन विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, पाच वर्षांच्या वर भाड्यानेसुद्धा देता येत नाही. कोर्ट पण पोराची गरज किंवा उघड फायदा दिसला तरच परवानगी देतं. तशी विकलीच तर पोरगा १८ पूर्ण झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो व्यवहार रद्द करून घेऊ शकतो. ज्याला मी अडचण समजत होतो तेच आईला हवं होतं. तिचा चेहरा इतका खुलला की मला थोडं लागलंच.

मग बाईंनी उलटी बाजू पण सांगितली, आणि ह्याच्यासाठी खरे स्टार. म्हणाल्या आजी, एकदा दिलं की दिलं, नातू बिघडला म्हणून परत मागता येणार नाही. केरळची एक केस सांगितली, आईने १६ वर्षांच्या मुलाला मिळकत बक्षीस दिली, ताबा आणि उत्पन्न स्वतःकडेच ठेवलं, बऱ्याच वर्षांनी रद्द करायला गेली, आणि सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २००३ मध्ये सांगितलं की नाही, बक्षीस तेव्हाच पूर्ण झालं होतं, अज्ञानाने स्वीकारलं असंच धरायचं. हे त्यांनी आईला तीनदा विचारलं, पक्कं ना, पक्कं ना. फी घ्यायच्या आधी गिऱ्हाईकाला माघारी पाठवायची तयारी असलेला वकील मी पहिल्यांदाच पाहिला.

आईला जिवंत असेपर्यंत पिकाचं उत्पन्न हवं होतं, ते दस्तात घातलं. तसं चालतं, २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हयातीतला हक्क राखून दिलेलं बक्षीस वैध धरलंय. नातवाने आजीला सांभाळावं ही ओळ मात्र बाईंनी काढायला लावली. बक्षिसाबरोबर बोजा टाकला तर अज्ञान त्याला बांधील नसतो, मोठा झाल्यावर सगळं कळूनही जमीन ठेवली तर मग बांधील होतो, उगाच पुढचा वाद कशाला.

जमीन वडिलोपार्जित आहे का हे पण आधी खणून विचारलं. एकत्र कुटुंबातला न वाटलेला हिस्सा असता तर बाकीच्यांच्या संमतीशिवाय बक्षीस टिकलं नसतं. पहिल्या दुकानदाराने हा प्रश्न काढलाच नव्हता.

खर्च: नातवाला शेतजमीन देताना महाराष्ट्रात स्टॅम्प फक्त २०० रुपये, वर आम्हाला जिल्हा परिषदेचा १ टक्का अधिभार आणि हाताळणीचे पानामागे २० रुपये लागले. बाईंची फी ९ हजार, मला जरा जास्त वाटली, आईला नाही. रजिस्ट्रीच्या दिवशी सर्व्हर डाऊन, पण त्यात बाईंचा काय दोष.

आता एक स्टार का कापला. दस्त झाल्यावर सातबारावर नाव लावायचं काम त्यांच्याच ऑफिसने घेतलं होतं, आणि अर्जात पोराच्या वयाचा उल्लेखच नाही. पंधरा दिवसांची नोटीस संपली, फेरफार मंजूर झाला आणि सातबारावर माझं पोरगं एकदम सज्ञान खातेदार! नावापुढे अपाक म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून माझं नाव लागायला हवं होतं ते नाहीच. मग जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलला दुरुस्तीचा अर्ज, अजून सव्वा महिना. बाईंनी ह्याचे पैसे घेतले नाहीत, पण त्यांचा असिस्टंट फोन उचलत नाही हे मात्र लिहितोच. पोरगा अठराचा झाला की अपाक शेरा काढायला परत तलाठ्याकडे जावं लागणार, तो कुणी आपोआप काढत नाही.

जाणार असाल तर पोराचा जन्मदाखला ओरिजिनल न्या आणि लॅमिनेट करू नका, आमच्या कागदावरून तिथे पाऊण तास वाद झाला. आणि शनिवारी जाऊ नका. मूळ दस्त आईच्या ट्रंकेत आहे, मला झेरॉक्स दिलीये.